पाण्याची नेहमीची खूण

काठ कुठे, हे आधी ठरवावं लागतं.
आज पाणी आहे तिथे नाही.
एप्रिलमध्ये बर्फ वितळून अंगणात शिरतं, तिथेही नाही.
नियमावली म्हणते: पाणी जिथवर आलं
आणि इतका काळ राहिलं
की जमिनीनं ते लक्षात ठेवलं.

म्हणून मी आधी गुडघ्यांवर बसते.
खडकावरचा काळसर पट्टा,
दगडफूल कुठे थांबलंय,
आल्डरची मुळं कुठे उघडी पडलीत,
गवत कुठे आपली जात बदलतं, ते बघते.
मग नारिंगी झेंडी रोवते
आणि टेप सोडते. पंचाहत्तर फूट.

उत्तर विस्कॉन्सिनमधलं ओडेगार्ड तळं,
एकोणीस वर्षं हेच काम.
लोक मला कॉफी देतात
आणि पाण्यात पाहतात.

ऑर्व्हिल स्कोग्लुंडचं होडीघर झेंडीपासून चार फुटांवर.
त्याच्या आजोबांनी बांधलेलं, नियमाच्याही आधीचं,
म्हणून राहू दिलेलं.
डागडुजी चालते. निम्म्याहून जास्त बदललं
तर ते नवं धरायचं,
आणि नवं इथे चालत नाही.

ऑर्व्हिल वर्षाला सहा फळ्या बदलतो.
एका उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत, तीही अर्धी.
छपराचे पत्रे दोन दोन करून.
पावत्या बिस्किटांच्या डब्यात, तारखेनुसार,
आणि माझ्यासाठी प्रत.

गेल्या हिवाळ्यात मी सगळ्यांची बेरीज केली.
मग कागद फाडला.
आजोबांचं म्हणावं असं त्यात
दाराच्या एका बिजागरीशिवाय काही उरलेलं नाही.
पाणी कुठे मुरतंय ते मला ठाऊक होतं,
आणि मला ठाऊक आहे, हे त्याला.

जूनमध्ये शेजारच्या प्रॅटर दांपत्याचा अर्ज आला.
काचेची खोली, खाली गरम पाण्याचं टाकं,
पस्तीस फुटांची सूट.
सुनावणी अग्निशमन केंद्रात, बंबाच्या शेजारी
घडीच्या खुर्च्या मांडून.
वकिलानं पडद्यावर होडीघराचा फोटो लावला.
‘यांना चार फूट चालतात,
मग आम्हाला चाळीस का नाही?’

सगळे ऑर्व्हिलकडे बघायला लागले.
मी माझ्या फाइलकडे.

तो उठला. टोपी काढली, परत घातली.
‘मी पोहायला शिकलो तेव्हा तळ दिसायचा,’ म्हणाला.
‘आता ऑगस्टमध्ये हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत.
त्यात माझ्या होडीघराचा वाटा किती,
मला मोजता येत नाही.
या बाईंकडे टेप आहे.’

आणि खाली बसला.

तीन विरुद्ध दोन.
नियम काठावर पास झाला.

ऑक्टोबरात तो कचेरीत आला.
‘पाडायलाही परवानगी लागते?’
लागते. पंचवीस डॉलर.
त्यानं पैसे नाण्यांसकट मोजून दिले.
फॉर्मवर एक रकाना होता:
त्या जागी काय उभं राहणार?
तो बराच वेळ पेन धरून थांबला.
मी म्हटलं, रिकामा सोडला तरी चालतो.
त्यानं लिहिलं: लव्हाळे, बहुतेक.

या एप्रिलमध्ये तपासणीला गेले.
फरशी उखडलेली, चार खांबांचे चार खड्डे,
लव्हाळ्यांचा अजून पत्ता नाही.
तळं माझ्या झेंडीवरून पुढे आलं होतं,
होडी जिथे टांगलेली असायची तिथवर,
आणि बर्फाचे पापुद्रे
त्या चौकोनात हळू फिरत होते.

ऑर्व्हिल उलट्या बादलीवर बसून बघत होता.
‘हे धरणार का तुम्ही?’
नाही, म्हटलं. आठवड्यात ओसरेल.
इतक्यात खूण पडत नाही.

‘बरं,’ तो म्हणाला,
आणि बादली मागे न सरकवता
बूट तसेच पाण्यात राहू दिले.